साठ पावलांचा उपग्रह

ऐका, मधे कुणी बोलू नका, माझी लिंक तुटते.

दुपारचे चार. आमच्या फरशी कारखान्याचा कामगार हॉल. खुर्च्या कधीच संपलेल्या, लोक खिडक्यांच्या गजांना लोंबकळतायत, पहिली पाळी सुटून तशीच्या तशी हॉलमध्ये घुसलेली, केसांवर पांढरी धूळ. आणि स्टेजवर कोण? माझी सख्खी ताई! आठवा महिना, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात फोन. तिच्या शेजारी गाडी घेऊन वस्तीत आलेले लहरीसर. पांढरा कोट, खिशात चार पेनं आणि कानाला एक निळा दिवा, सारखा लुकलुकणारा.

"ताई, मिस्टर कुठे असतात?"

"बोटीवर."

"बोलणं होऊन किती दिवस झाले?"

"नऊ."

अख्खा हॉल चुकचुकला.

"नऊ दिवस! आणि कंपनी काय म्हणते? आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे!"

हॉल असा हसला म्हणून सांगू! मग शिव्या सुरू झाल्या. सर डोळे मिटून त्या शिव्या ऐकत होते, जणू सनई चाललीय.

"अहो, वर हजारो उपग्रह तुमच्याकडे टक लावून बघतायत, आणि तुम्ही कुणाकडे बघताय? टॉवरकडे! ही घ्या क्वांटम चकती. आकाश ते हात, मधे दलाल नाही. सिमची गरजच नाही!"

असं म्हणून त्यांनी ताईचं सिम काढलं आणि कात्रीने कच्चकन दोन तुकडे केले. "तुटली बेडी!" टाळ्या. फोनच्या पाठीवर तांब्याची चकती चिकटवली. स्क्रीनच्या वरच्या कडेला एक सोनेरी पट्टी. "ही काढायची नाही हं, काढली की ऊर्जा फुटते." मग त्यांच्या सेक्रेटरीबाई फोन घेऊन पडद्यामागे गेल्या. कशाला? तर फोनला तरंगस्नान घालायला! पाच मिनिटांनी फोन आला, ताईने भावोजींना व्हिडिओ कॉल लावला आणि लागला की हो! भावोजींचा चेहरा, दाढी वाढलेली, मागे निळं पाणी. "अगं, तू? रडतेस काय? सगळं ठीक ना?"

ताई स्क्रीनवरून नुसतं बोट फिरवत राहिली. आईने तर त्या चकतीलाच हात जोडले. आणि खोटं कशाला बोलू, टाळ्या मीपण वाजवल्या. शिवाय त्या कार्यक्रमाची पत्रकं माझ्याच झेरॉक्सच्या दुकानात छापली होती, "कंपनीमुक्त व्हा!" ही ओळ ठळक कर म्हणून सांगितलं होतं, मी केली.

तुम्ही म्हणाल, इतके कसे गं तुम्ही भोळे? तर आमची वस्ती बघा आधी. दोन टेकड्यांच्या मधे, खोलगट बशीत ठेवल्यासारखी. रेंज येते फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर, तीही वरच्या सहा पायऱ्यांवर. तिथे सकाळी रांग लागते. पुढचा लांबण लावायला लागला की मागचे ओरडतात, "ओ, आवरा, आमच्या सासूबाईंचं ऑपरेशन आहे!" कस्टमर केअरला मी स्वतः सतरा वेळा फोन केलाय. एक दाबा, चार दाबा, परत एक दाबा, मग गाणं, मग माणूस येतो आणि विचारतो, "मॅडम, आपण फोन बंद करून चालू केला का?" तक्रार टाकली की चार दिवसांनी मेसेज: "आपली समस्या सोडवण्यात आली आहे." तो मेसेज वाचायला टाकीवर चढायचं! माणूस पेटणार नाही तर काय होईल?

आता खरी गोष्ट. ताईचं बीपी वाढलेलं. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, डोकं दुखलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले की त्या क्षणी फोन करायचा, वाट बघायची नाही. टाकीचा जिना ती चढू शकत नव्हती. म्हणून ठरलं होतं, रविवारी तिने शहरात मावशीकडे राहायला जायचं, हॉस्पिटल मावशीच्या गल्लीतच. बॅग भरून दारात ठेवली होती.

आणि त्या संध्याकाळी घरी आल्या आल्या ताई म्हणाली, "मी नाही जात. आता फोन लागतो ना! मावशीच्या दोन खोल्यांत मी कुठे पाय पसरू? इथेच बरी."

आई म्हणाली, "मलाही तेच वाटतं."

मी म्हटलं, "लाव बरं आत्ता एक फोन."

लावला. लागला नाही. परत लावला. गोल गोल फिरतंय नुसतं. मी धावत हॉलवर गेले, तर लहरीसर हसले. "बेटा, घरच्या भिंतींना सवय व्हायला नको? चकती एकवीस दिवस मुरावी लागते. तोवर हॉलच्या आवारात बोला."

"एकवीस दिवस? आणि तुम्ही इथे किती दिवस आहात?"

"आम्ही तरंग. वाहत राहतो."

घरी येऊन सांगितलं तर आई म्हणते, "मुरू दे की मग. लोणचं नाही का मुरत?"

"आई, लोणच्याला कुणी अॅम्ब्युलन्स बोलवायला सांगत नाही!"

"तुला तिचं सुख बघवत नाही का गं? नऊ दिवसांनी हसली पोर."

बसा आता. सिमचे दोन तुकडे झालेले, म्हणजे तो फोन टाकीवर नेऊनही उपयोग नाही. चकती घरात चालत नाही. आणि घरातली शहाणी माणसं शांतपणे भाजी चिरतायत. मला घरात बसवेना. अंगणात आले, परत आत गेले, परत बाहेर. शेवटी सरळ खांबकाकांकडे.

खांबकाका म्हणजे जुन्या टेलिफोन खात्यातले लाईनमन. अर्धं आयुष्य खांबावर काढलं म्हणून हे नाव. आता घरबसल्या पंखे, मिक्सर दुरुस्त करतात. मी एका दमात सगळं सांगितलं. ते मिक्सरचं भांडं पुसत ऐकत होते. मग एवढंच विचारलं, "नक्की कितव्या पावलाला बंद पडतो?"

"आं?"

"फॉल्ट बसून सापडत नाही, बाळ. लाईनच्या कडेने चालावं लागतं. इथे लाईन दिसत नाही, एवढाच फरक. उद्या फोन आण."

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई झोपली तशी मी फोन उचलला. काका खडू घेऊन हॉलपाशी उभे. मी मावशीला व्हिडिओ कॉल लावला आणि हॉलच्या दारातून सरळ चालायला लागले. मावशी बोलतेय, "अगं पण काम काय आहे? दूध ठेवलंय मी गॅसवर..." आणि तोंड उघडं तसंच राहिलं. गोठली! काकांनी रस्त्यावर खडूने फुली मारली. मग डावीकडून चालले. मग उजवीकडून. मग हॉलच्या मागून. प्रत्येक वेळी मावशी बोलता बोलता गोठायची आणि चार पावलं मागे आले की, "ऐकू येतंय का? दूध उतू गेलं बरं का तुझ्यामुळे!"

चार फुल्या झाल्या. काका म्हणाले, "आता या चारींपासून सारखी लांब जागा कुठली, ते बघ."

मला वाटलं, स्टेज. पण मोजलं तर स्टेज नाही, हॉलसुद्धा नाही. हॉलच्या मागे लावलेली लहरीसरांची पांढरी गाडी! तिथून कुठेही चाला, साठ पावलं, एखाददुसरं इकडेतिकडे. गाडीच्या टपावर उंचच्या उंच खांब, त्यावर त्यांच्या नावाचा झेंडा. काका मान वर करून कितीतरी वेळ बघत होते. मग हसले. "झेंड्याच्या कापडात नळी लपवलीय. तो अँटेना आहे. एवढ्या उंचीवरून टेकडीपलीकडचा टॉवर दिसतो त्याला."

"मग फोनवरची पट्टी काढून बघू?"

"फोन तुझा आहे का? जिचा आहे तिने काढू दे. तू काढलीस तर म्हणतील, पोरीनेच ऊर्जा फोडली."

पटलं. ताईला सांगून बघितलं, तर तिने फोन उशाखाली ठेवला आणि कूस बदलली. बॅग दारातून उचलून कपाटावर गेली होती. दुसऱ्या दिवशी रविवार.

रविवारी चारला परत कार्यक्रम. ताईला मी फिरायला चल म्हणून आणली. सर रंगात आले होते. "कंपनीने तुम्हाला काय दिलं? गाणं! मी काय दिलं? आकाश!" मी उठले.

"सर, एक विनंती. सगळ्यांनी आपापला फोन लावायचा आणि बोलत बोलत गाडीपासून शंभर पावलं चालायचं. तुमची गाडी इथेच राहू दे."

"कशाला बेटा? उन्हात लोकांना..."

पण पब्लिक उठलंसुद्धा! पायरीपायरीने रांग लावणाऱ्या लोकांना चालत बोलायला मिळतंय, कोण सोडणार? तोवर चकती घेतलेली तीस-पस्तीस माणसं फोन कानाला लावून, तोंडासमोर धरून निघाली. कुणी मुलाशी, कुणी व्याह्यांशी. बेकरीवाल्या मावशी पुढे, सुनेला झापत. काका मोठ्याने मोजतायत. पन्नास. पंचावन्न. अठ्ठावन्न, एकोणसाठ... आणि सगळा रस्ता एकदम, "हॅलो? हॅलो! हॅलो?"

सगळे थांबले. बेकरीवाल्या मावशी दोन पावलं मागे आल्या. "लागला!" पुढे गेल्या. "गेला!" मागे, "लागला!"

सर धापा टाकत आले. "कुणाच्या तरी मनात शंका आहे! शंकेतून उलट्या लहरी निघतात!"

"अहो, मग दोन पावलं मागे आले की माझी शंका जाते आणि दोन पावलं पुढे गेले की परत येते का?" मावशी म्हणाल्या. "शंका आहे का झोपाळा?"

सगळे हसले. ताई हसली नाही. ती फोनकडे बघत उभी होती. मग तिने नखाने ती सोनेरी पट्टी उचकटली.

"फुटेल! ऊर्जा फुटेल!" सर ओरडले.

काही फुटलं नाही. पट्टीखाली काय होतं? वर एक छोटं विमान, म्हणजे फोनची स्वतःची रेंज बंद, आणि त्याच्या शेजारी पंख्यासारखं चिन्ह. बँकेत, दवाखान्यात, दुसऱ्याचं वायफाय मिळालं की येतं ना, तेच. तेवढं झाकायला ती पट्टी. तरंगस्नान म्हणजे पडद्यामागे त्या बाई फोनमध्ये गाडीच्या वायफायचा पासवर्ड टाकत होत्या! आणि वायफाय असलं की व्हिडिओ कॉलला सिम लागतच नाही, चकती लावा नाहीतर बटाट्याचा काप लावा.

काकांनी गाडीचं मागचं दार उघडलं. आत बॅटरी, वर खांबाकडे गेलेली वायर आणि एक काळा डबा. काकांनी डब्याचं झाकण सरकवून नखाएवढं सिम बाहेर काढलं आणि हात उंच केला. कुठल्या कंपनीचं असेल? आमच्याच! जिला दोन दिवस शिव्या घालत टाळ्या पिटल्या, तिचंच! त्याच कंपनीची रेंज टेकडीपलीकडून उचलून हा माणूस आम्हाला आकाश म्हणून विकत होता. किमतीचं विचारू नका, लाज वाटते.

गाडीची किल्ली काकांच्या खिशात गेली, आणि पोलिसांना फोन करायला दोन जण टाकीवर पळाले. दुसरी सोय होती कुठे?

या गोंधळात ताई हॉलच्या पायरीवर बसली होती. आई तिच्याजवळ गेली. ताई म्हणाली, "आई, मला घरी चक्कर आली असती तर मी हाच फोन लावत बसले असते गं."

आई तशीच वळली. घरी गेली, कपाटावरची बॅग काढली आणि रिक्षावाल्याला हाक मारली. लगेच, त्याच संध्याकाळी.

काकांना मी विचारलं, "म्हणजे उपग्रहाचं सगळंच खोटं?"

"नाही गं. उपग्रहावरून बोलता येतं, ते तंत्र सुधारतंय, उद्या आपल्याकडेही येईल. पण त्यालाही आत यंत्र लागतं, वीज लागते, वर उघडं आकाश लागतं. तांब्याचा तुकडा उपग्रहाशी काय बोलणार? आणि खरं यंत्र असलं की विकणारा ते उघडून दाखवतो."

मग काकांनी त्या चार फुल्यांसारखा सगळ्या वस्तीचा नकाशा काढला, कुठे किती रेंज, घराघरांत फिरून. मी त्याच्या प्रती काढल्या. टाकीवर उंच खांब आणि अँटेना बसवून द्या, म्हणून कंपनीला आणि सरकारी खात्याला अर्ज गेला, तीनशे सह्यांचा. उत्तर अजून नाही. आम्ही दर सोमवारी परत पाठवतो.

आणि ताई? तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले ते मावशीकडे, दुपारी जेवताना. मावशीने ताट तसंच ठेवलं आणि गल्ली ओलांडली. दहा मिनिटांत ताई ऑपरेशनच्या टेबलावर होती. डॉक्टरीणबाई आईला म्हणाल्या, अर्धा तास उशीर झाला असता तर मी दोघींपैकी कुणाचीच खात्री दिली नसती. दोघी म्हणजे ताई आणि माझी भाची. अडीच किलोची आहे, आणि रडते अशी की टाकीवर जायची गरज नाही.

म्हणून सांगते, कंपनीवर चिडा, भांडा, मीपण भांडतेय. पण तुमच्याइतकंच चिडून कुणी तुमच्यासमोर उभा राहिला, म्हणून तो खरं बोलतोय असं होत नाही. त्याला विचारा, हे चालतं कसं? माझ्या घरात चालवून दाखव. आत्ता दाखव. आणि तो चिडला, तर आपलं माणूस त्याच्या भरवशावर एक दिवससुद्धा ठेवू नका.