आधी मला काढायचे होते

मित्रांनो, सायकल चालवताना पाय थांबवले की मागच्या चाकातून टिकटिक ऐकू येते ना? ती करणारे मी, एक फ्रीव्हील. आता जुने झाले आहे, टिकटिकही उरलेली नाही. माझ्या अंगाभोवती दात आहेत, त्यांवर चेन बसते. पोटात दोन छोटे खटके आहेत. पायडल मारले की ते चाकाला धरतात, पाय थांबले की सोडतात. एवढेच माझे काम, पण त्याच्यावाचून तुम्हाला उतारावर आरामात बसता आले नसते.

चाकाच्या मधोमध हब, म्हणजे सगळे स्पोक जिथून निघतात तो तुंबा, असतो. नवी सायकल जोडताना मला त्याच्या आट्यांवर फिरवून बसवले. आट्यांना आधी थोडे ग्रीस लावायचे असते, पण बसवणारा घाईत होता. "चालतंय की!" म्हणाला. चालले खरे. पण पायडलच्या प्रत्येक फेरीबरोबर मी हबावर आणखी आवळले जाते, आमची घडणच तशी. वर्षे गेली, गंज आला आणि आम्ही दोघे एकजीव झालो.

सायकल ताईची. ती घरोघरी जाऊन आजाऱ्यांची मलमपट्टी करायची. चढावर जीव खाऊन पायडल मारायची, उतारावर गुणगुणायची. टेकडीपलीकडची घरे सगळ्यांत लांब. तिथल्या एका आजोबांच्या पायाची जखम काही केल्या भरत नव्हती. ते म्हणायचे, "तुझ्या सायकलचा आवाज आला की माझं निम्मं दुखणं पळतं बघ." सायकलचा आवाज म्हणजे माझाच की! मी किती फुशारले असेन, विचारू नका.

मग माझे खटके झिजले. पायडल मध्येच रिकामे फिरू लागले. एकदा ऐन चढावर तसेच झाले, ताईचा तोल गेला, चाक खड्ड्यात आदळले आणि रिम वाकडी झाली.

ताईच्या कामावरच्या मोठ्या बाईंनी तिला स्पष्टच सांगितले, "सोमवारपर्यंत सायकल नीट झाली नाही, तर टेकडीपलीकडची घरं बंद करावी लागतील. पायी गेलीस तर तुझा अख्खा दिवस तिकडेच जाईल."

ताईचा मोठा भाऊ सुतार. लाकूडकामात त्याचा हात धरणारा कोणी नाही. "दुकानात कशाला जातेस? मी आहे ना!" म्हणत त्याने नवी रिम, नवे स्पोक आणि नवे फ्रीव्हीलही आणले. माझे दिवस भरले होते, त्याचे मला वाईट वाटले नाही. मला एकच हवे होते, माझा हब वाचावा, कारण नवे सगळे त्याच्यावरच चढणार होते. त्या जुन्या चौकटीत बसेल असा हब आता मिळत नाही. तो गेला म्हणजे सायकलच गेली.

दादाची कामाची एक पद्धत होती. टाकून द्यायचे ते आधी तोडून मोकळे करायचे, मग उरलेल्या तुकड्यावर निवांत काम करायचे. लाकडात ते बरोबर असेल. त्याने कटर घेतला आणि सगळे स्पोक कटाकट कापून टाकले.

ताई दारात उभी होती. "दादा, आधी ते दातेरी चाक काढायचं नव्हतं का?"

"अगं, हे सुटं झालं ना, आता चुटकीसरशी निघेल. तू नको डोकं खाऊस."

मला ओरडावेसे वाटत होते. मित्रांनो, मला काढायचा खास पाना असतो. तो माझ्या खाचेत बसवून व्हाइसमध्ये, म्हणजे बाकावरच्या लोखंडी शिकंजात, आवळतात आणि अख्खे चाक दोन्ही हातांनी धरून उलटे फिरवतात. एवढ्या मोठ्या चाकाचा जोर लागतो तेव्हा कुठे मी हलते. ते चाकच दादाने कापले होते. हातात उरला होता मुठीएवढा हब.

त्याने तेल सोडले. तापवून पाहिले. शेवटी हबाची स्पोक अडकवायची कडच व्हाइसमध्ये धरली, पान्याला लांब पाइप लावला आणि ओढले. कड वाकली, भोकांपाशी टरकन फाटली; आता तिच्यात स्पोक बसणार नव्हते. माझ्या हबाचे ते हाल मी त्याला बिलगून पाहिले.

"धरायलाच काही ठेवलं नाही गं मी," दादा खाली बसत म्हणाला.

सोमवारी ती पायी कामावर गेली. टेकडीपलीकडची घरे बंद झाली. आजोबांचा पाय आता कोण बांधते, मला माहीत नाही. ताईलाही माहीत नाही.

मित्रांनो, फ्रीव्हील बसवताना ग्रीस लावा. चाक मोडायचे असेल तर स्पोक कापण्याआधी फ्रीव्हील काढून घ्या. निदान तुमचा तरी हब वाचू दे. आमचे आता काही व्हायचे नाही.

आम्ही दोघे दादाच्या बाकाखाली एका डब्यात पडून आहोत. सुटीच्या दिवशी तो आम्हाला बाहेर काढतो, तेल सोडतो, पाना लावतो.

परवा ताई म्हणाली, "दादा, ठेव रे आता. निघालं तरी काय उपयोग?"

"काही नाही गं," तो म्हणाला. "नुसतं निघू तरी दे."

त्याने अंगातला सगळा जोर लावला. मलाही निघायचे होते. मी जागचे हलले नाही.