पाचवा पर्याय

"घड्याळ उतरवा, सर," लॅपटॉपमधला आवाज म्हणाला.

तारमास्तरांनी भिंतीवरचे घड्याळ उतरवून जमिनीवर ठेवले. त्याआधी त्यांनी टेबलाखालची जागा, कानांच्या मागची बाजू, चष्म्याच्या दांड्या आणि उताणे-पालथे तळहात कॅमेऱ्याला दाखवले होते. कुठल्याशा दूरच्या शहरातली पर्यवेक्षिका हे सारे पाहत होती. तिला तारमास्तर दिसत होते, तारमास्तरांना ती दिसत नव्हती, आणि ह्या व्यवस्थेला विश्वासार्हता असे नाव होते.

"पेपर संपेपर्यंत बोलायचं नाही, उठायचं नाही. दुसऱ्या कुणाचा आवाज आला तरी पेपर रद्द. आतल्या खोलीत कोण आहे?"

"वडील. झोपून असतात."

"बोलतात?"

तारमास्तरांनी विचार केला. "बोलतात. पण आज बोलणार नाही म्हणालेत."

"ठीक आहे. ऑल द बेस्ट, सर."

कचेरीतल्या संगणकांचे जाळे तारमास्तर केस काळे होते तेव्हापासून सांभाळत होते. त्यांच्याविषयी कुणाची तक्रार नव्हती. परंतु तक्रार नसणे हा काही लायकीचा पुरावा नव्हे, असा शोध नव्या व्यवस्थापकाने लावला होता. प्रमाणपत्र आणा, नाहीतर गोदामात जा. गोदाम दुसऱ्या गावाला होते, आणि वडिलांना, म्हणजे अण्णांना, आता कुठेही हलवू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. संधी एकदाच मिळणार होती.

अभ्यास अण्णांच्या उशाशी चाले. पुस्तक जाडजूड होते. जे एका वाक्यात सांगता येते ते आकृत्या काढून अवघड करण्यात त्याच्या लेखकांनी कसूर केली नव्हती. अण्णा एकेकाळी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. थोड्या थोड्या वेळाने "आहेस का?" अशी हाक मारायची त्यांना सवय होती. "आहे" असे उत्तर आले की ते पुन्हा डोळे मिटत. काही हवे असे क्वचितच.

"कशाची परीक्षा म्हणालास?"

"जाळ्यात पुष्कळ सर्व्हर असतात, अण्णा. प्रत्येकानं आपलं नाव नोंदवायचं. मग यंत्र अधूनमधून एकेकाला विचारतं, आहेस का."

"आणि उत्तर नाही दिलं तर?"

"पुन्हा विचारतं. तीनदा. मग नाव काढून टाकतं."

"तीनदा विचारतं?" अण्णा म्हणाले. "बरंच सभ्य आहे की. आमचं एक्स्चेंज बंद केलं तेव्हा कुणी एकदाही विचारलं नव्हतं."

खरा पेच ह्या हाकेचाच होता. बायकोने तोडगा काढला: तारमास्तरांच्या आवाजातले "आहे" मोबाइलवर रेकॉर्ड करायचे आणि हाक आली की अण्णांच्या कानाशी हळूच वाजवायचे. आदल्या दिवशी तालीम झाली.

"आहेस का?"

"आहे," मोबाइल म्हणाला.

"जरा पाणी दे."

"आहे."

"आहेस तर दे ना."

"आहे."

अण्णांनी सुनेला खुणेने जवळ बोलावले. मग म्हणाले, "सूनबाई, ह्याचा अभ्यास बंद करा. डोक्यावर परिणाम झालाय."

शेवटी त्यांना सरळ सांगण्यात आले. "उद्या पेपर संपेपर्यंत हाक मारायची नाही, अण्णा. ऐकू गेली तर मला बाद करतील."

"बरं," अण्णा म्हणाले. असेच "बरं" ते औषधाच्या बाबतीतही म्हणत, आणि गोळी उशीखाली सापडे. तरीही बायकोने आशा धरली. दारावरची बेल काढून ती स्वतः जिन्यात खुर्ची टाकून बसली. वरच्या मजल्यावरच्या काकूंना नुसती बेल काढून थोपवता आले नसते.

पेपर सुरू झाला. तारमास्तर एक कान आतल्या खोलीकडे लावून एकेक प्रश्न सोडवत होते. आता हाक येईल आणि सगळे संपेल, ही भीती मनात होती. हाक आली नाही. अर्धा पेपर झाला तरी आली नाही. तेव्हा भीतीने कूस बदलली. अण्णा इतका वेळ गप्प कधीच राहिले नव्हते. ऑपरेशननंतरच्या गुंगीतही ते हाका मारत होते, आणि तारमास्तरांच्या वतीने नर्स "आहे, आहे" म्हणत होती.

पडद्यावर पुढचा प्रश्न आला. एक सर्व्हर ठरल्या वेळात उत्तर देत नाही. प्रथम काय कराल? थांबून पुन्हा विचारावे. त्याचे काम दुसऱ्याकडे वळवावे. वरिष्ठांना कळवावे. नाव काढून टाकावे. प्रश्न रचणारे विद्वान असणार, कारण उठून जाऊन पाहावे, हा पर्याय चारांत नव्हता.

तारमास्तर उठले.

"सर, बसा," लॅपटॉप म्हणाला. "सर, पेपर रद्द होईल. सर."

अण्णा टक्क जागे होते. चादरीचा कोपरा त्यांनी दातांत घट्ट धरला होता. मुलाला पाहताच ते दचकले आणि हाताने खुणावू लागले: जा, जा.

"बोला, अण्णा. काय होतंय?"

अण्णांनी चादर सोडली. "पेपर संपला?"

तारमास्तरांनी उघड्या दाराकडे पाहिले. "संपला."

"कितीदा तोंडाशी आली होती हाक. गिळली." अण्णांचा चेहरा उजळला होता. "तुम्हाला दोघांना वाटलं, ह्याला जमायचं नाही."

"जमलं की."

"सोपा होता?"

"एक प्रश्न जरा अडला."

"असू दे. एकानं काय होतंय. मग आता हाक मारली तर चालेल?"

"मारा."

तारमास्तर पलंगाच्या कडेला, हाताला हात लागेल इतके जवळ बसले. अण्णांनी डोळे मिटून घसा साफ केला.

"आहेस का?"

"आहे."

बाहेरच्या खोलीत लॅपटॉपने उमेदवाराला तिसऱ्यांदा विचारले, पुस्तकात सांगितली होती तेवढी वाट पाहिली, आणि नाव काढून टाकले. जमिनीवर, नियमानुसार उतरवलेले घड्याळ उताणे पडून चालू होते.