पहिल्या बाकाची प्रार्थना

ग्रंथालयात मोठ्याने बोलू नये अशी पाटी होती, पण मोठ्याने हातवारे करू नयेत असं कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे गुरुवारी दुपारी कप्तान देवघेवीच्या टेबलापुढे उभा राहून तळहातावर तळहात आपटत भांडू लागला, तेव्हा वर्तमानपत्र वाचणारे चार म्हातारे चष्म्यावरून नुसते बघत राहिले. टेबलामागे बसलेल्या ग्रंथपालबाईला मात्र शब्दन्‌शब्द कळत होता.

कप्तान एरवी चपला-बूट दुरुस्त करायचा. कप्तान तो चर्चमधल्या पहिल्या बाकाचा. त्या बाकावर सात जण बसत आणि सातही जण जन्मापासून बहिरे. मागे बसून उपदेश ऐकता येतो, पण बघायचा तर पुढेच बसावं लागतं. त्यांच्यासमोर, पाळकसाहेबांच्या डाव्या हाताला, ती उभी राहून उपदेश हातांनी सांगायची. नवव्या वर्षापासून पस्तिसाव्यापर्यंत. त्या सातांतली एक तिची आई, ती बाकाच्या कडेला बसायची. छापखान्यात पुस्तकं शिवून तिच्या बोटांना घट्टे पडले होते, पण बोलायला लागली की तीच बोटं पाखरासारखी उडायची.

"अकरा रविवार झाले," कप्तानाने बोटं नाचवली. "आई गेली, मान्य. पण आम्ही काय भिंतीकडे बघत बसायचं?"

"दुसरं कोणी शोधा असं मी पाळकसाहेबांना सांगितलंय, काका," तिनेही हातांनीच उत्तर दिलं.

"शोधलं की! पाळकबाई पुस्तक बघून शिकल्या. मागच्या रविवारी येशूने पाच हजार माणसं जेवू घातल्याची गोष्ट होती. त्यांनी आम्हाला सांगितलं, पाच हजार माणसं खाल्ली."

तिला हसू आलं, आणि आलं म्हणून स्वतःचा रागही आला.

"आणि या रविवारी विणकामवालीचा बाप्तिस्मा आहे," कप्तान म्हणाला. विणकामवाली म्हणजे बाकावरची सगळ्यात धाकटी, स्वेटरच्या कारखान्यात यंत्रावर काम करणारी. "पोरीने पाण्यात उतरताना पाळकबाईंच्या भरवशावर उतरायचं? वर काढायच्या ऐवजी बुडवा म्हणायच्या. तू ये. आणि आधीची प्रार्थनाही तूच कर."

बाप्तिस्म्याआधीची प्रार्थना ही त्या चर्चमध्ये पहिल्या बाकाची, आणि बाकाची म्हणजे आईची. आई उभी राहून हातांनी प्रार्थना करायची आणि ऐकू येणाऱ्या मंडळीसाठी लेक ती आवाजात सांगायची. अकरा आठवडे ती चर्चला गेली नव्हती ती नेमकी या प्रार्थनेमुळेच.

"मला प्रार्थना येत नाही," ती म्हणाली.

"सव्वीस वर्षं काय करत होतीस मग?"

तिने इकडेतिकडे बघितलं. चारही म्हातारे टक लावून बघत होते, पण त्यांना काय कळणार होतं? मग तिने जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते सांगून टाकलं.

आईच्या प्रार्थना तिने कधीच जशाच्या तशा सांगितल्या नव्हत्या. आई देवाशी शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तशी बोलायची. "काल दिवसभर कुठे होतास? माझा गुडघा ठणकत होता. ती वरच्या मजल्यावरची माझ्याबद्दल खोटंनाटं सांगते, तिला तू बघून घे. पण फार मारू नकोस, तिचं पोट नाजूक आहे." नऊ वर्षांच्या पोरीला भर चर्चमध्ये हे बोलायची लाज वाटली. तिने सांगितलं, "हे परमकृपाळू पित्या, आमच्या दुर्बलतेत तू आमचा आधार हो, आणि आमच्या शेजाऱ्यांवरही तुझी करुणा राहो." मंडळी भरल्या गळ्याने आमेन म्हणाली. त्यानंतर हीच रीत पडली. गायकवृंदातल्या आजीबाईंनी तर आईच्या प्रार्थना वहीत उतरवून घेतल्या होत्या. अंत्यविधीला येणारा जाणारा म्हणत होता, काय सुंदर प्रार्थना करायची हो तुमची आई!

"आई दवाखान्यात होती तेव्हा चौदा दिवस मी त्याच सुंदर शब्दांत प्रार्थना केली," तिचे हात आता हळू चालले होते. "आई गेली. आता ते शब्द हातात घेतले की चिंध्या वाटतात. खरं सांगू, काका? देवाशी ओळख आईची होती. मी नुसती मधली तार. दिवा तिच्या घरी लागायचा. तार अंधारातच."

हे बघून कप्तान गंभीर होईल असं तिला वाटलं होतं. तो हसायला लागला. त्याला स्वतःचं हसू ऐकू येत नसे, त्यामुळे ते पार शेवटच्या कपाटापर्यंत गेलं.

"अगं, आम्हाला ठाऊक आहे! अख्ख्या बाकाला ठाऊक आहे. तुझे ओठ काय आम्ही बघत नव्हतो? हात कुणीकडे, ओठ कुणीकडे."

तिला कानापर्यंत ऊन लागल्यासारखं झालं. "आणि आई?"

"सगळ्यात आधी तिलाच कळलं. मी म्हटलं, पोरीला झाप एकदा. ती म्हणाली, झापू कशाला? ज्याला सांगते त्याला दुभाषी लागत नाही. पोरीला मंडळीत काय सांगायचं ते सांगू दे. एक दिवस तिचंच काही सांगायचं निघेल, तेव्हा बघू."

बुटांच्या रंगाने काळी झालेली बोटं टेबलावर एकदा आपटून तो निघून गेला. रविवारी येते असं ती म्हणाली नव्हती, आणि त्यानेही विचारलं नव्हतं.

रविवारी ती गेली. आपल्या डाव्या बाजूच्या जागी उभी राहिली. समोर बाकाची कडा रिकामी होती. तिथे कोणी बसलं नव्हतं, पिशवीसुद्धा ठेवली नव्हती. व्यासपीठापुढचा हौद भरलेला होता आणि पांढऱ्या झग्यातली विणकामवाली त्याच्या पायरीशी उभी होती. पाळकसाहेबांनी डावीकडे, तिच्याकडे बघून मान हलवली. प्रार्थनेची वेळ झाली होती.

"हे परमकृपाळू पित्या," ती म्हणाली.

हात वर आले आणि तिथेच थांबले. बाकावरचे पाच जण तिच्या ओठांकडे बघत होते. कोणाच्याही चेहऱ्यावर रागाची रेष नव्हती. ते नुसती वाट बघत होते. मागे कोणीतरी खोकलं. गायकवृंदातल्या आजीबाईंनी पेन्सिल उचलली.

मग हात आधी निघाले, आणि आवाज त्यांच्या मागून धडपडत आला.

"मी आलेय. यायचं नव्हतं. तुझ्यावर माझा राग आहे. चौदा दिवस मी तुझ्या पाया पडले आणि तू आईला नेलंस. मला ते पटलेलं नाही. आमच्या घरी बेल दाबली की आत दिवा लागतो, आईला दिसावा म्हणून. आता तो बघायला कोणी नाही, तरी मी रोज कामावरून येते आणि आधी बेल दाबते. मग किल्ली काढते. हे तू बघतोस ना? मग काही बोलत का नाहीस?"

पाळकबाईंचा हात तोंडावर गेला होता. ती थांबली, कारण तिने प्रश्न विचारला होता, आणि प्रश्न विचारला की थांबायचं असतं.

आवाज आला नाही. पण आवाज नसण्याची तिला कधी भीती नव्हती. सबंध बालपण तिने अशा घरात काढलं होतं. शाळेतून आल्यावर हाक नाही, भांड्यांचा मुद्दाम केलेला आवाज नाही, पण उंबऱ्यातच कळायचं की आई घरात आहे. कशाने कळायचं ते सांगता आलं नसतं. रिकामं घर वेगळं असतं आणि न बोलणाऱ्या माणसाने भरलेलं घर वेगळं असतं. तिच्याइतकं हे कोणाला ठाऊक? आणि आत्ता, भर मंडळीत, दोन्ही हात हवेत धरून उभी असताना तिला तसंच कळलं. घर रिकामं नव्हतं. अकरा आठवडे ती ज्याच्याशी अबोला धरून बसली होती, तो तिथेच होता. रिकाम्या खोलीशी कोण अबोला धरतं?

तिचा श्वास पोटापर्यंत गेला. कितीतरी दिवसांनी.

"आहेस," तिने हातांनी म्हटलं, आणि मग आवाजातही. "आहेस तू. बरं झालं. राग अजून आहे, पण तो घेऊन मी तुझ्याकडेच येणार, दुसरीकडे कुठे जाऊ? आईला सांभाळ. तिच्या गुडघ्याकडे लक्ष दे. आणि ही आमची विणकामवाली आज तुझ्याकडे येतेय. हिला माझ्यासारखं ताटकळत ठेवू नकोस. आमेन."

मग कप्तानाने दोन्ही मुठींनी बाकाची फळी बडवली. बाकीच्या चौघांनीही बडवली. लाकडी जमीन थरथरली, आणि तिच्या मागोमाग मंडळीचं आमेन आलं, तेही आज भरल्या गळ्याचं नव्हे, चांगलं खणखणीत. आजीबाईंची पेन्सिल हवेतच राहिली होती. त्यांनी शेजारणीला विचारलेलं सगळ्यांना ऐकू आलं, "गुडघ्याचं कसं लिहू गं?"

"जसं आहे तसं लिहा, आजी," ती व्यासपीठावरूनच म्हणाली.

पाळकसाहेब हौदात उतरले. त्यांनी प्रश्न विचारले, तिने हातांनी सांगितले, विणकामवालीने छातीवर मूठ ठेवून प्रत्येकाला होकार दिला. मग पोर पाण्याखाली गेली आणि वर आली. केस डोळ्यांवर, झगा अंगाला चिकटलेला, आणि तोंडभर हसू. पाळकबाई टॉवेल घेऊन धावल्या. पण पोरीने टॉवेल घेतला नाही. टॉवेल धरला तर बोलणार कशाने? तिने छताकडे बघून ओले हात वेगाने चालवले. थेंब पाळकसाहेबांच्या चष्म्यावर उडाले, पहिल्या बाकावर उडाले. बाक हसून लोटपोट झाला.

"काय म्हणतेय ती?" पाळकसाहेबांनी चष्मा पुसत विचारलं.

अख्खी मंडळी आपल्या दुभाषीकडे बघत होती. ती हौदाच्या काठाशी आली, ताठ उभी राहिली, आणि शेवटच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात तिने शब्दाला शब्द सांगितलं, "ती देवाला म्हणतेय, पाणी बर्फासारखं गार आहे, हे तू आधी सांगायला हवं होतंस. तरीपण आलेच असते."