थोराचे फिकट निळे डाग

थोरा गेली ती आपला मेंदू संशोधनाला देऊन, आणि तो आला माझ्याच टेबलावर. स्कॉटलंडच्या उत्तरेला वेस्ट्रे बेटावर आम्ही दोघी एका बाकावर बसून शिकलो. पुढे मी एडिंबराच्या प्रयोगशाळेत मेंदूच्या चकत्या रंगवत बसले आणि ती बेटावरच राहिली, मल्टिपल स्क्लेरॉसिस हा मज्जातंतूंचा आजार अंगावर घेऊन. आमच्या बेटांवर तो इतका आढळतो की कुणाला त्याचं नवल वाटत नाही.

आज दुपारी तिची मुलगी मेरन येणार होती. वसंतात तिलाही तोच आजार निघाला. डॉक्टरांनी हल्ले रोखणारं औषध सुचवलं, पण बाईसाहेब ऐकेनात. फोनवर मला म्हणाली, "मोडायचंच आहे तर रोखायचं कशाला, मावशी? आईचं किती मोडलं होतं ते दाखव मला." नाही म्हणणं माझ्या जिवावर आलं. थोराच्या मेंदूत नुसती पडझड असणार, ती बघून पोरगी औषधाचं नावच टाकणार, या धास्तीत मी सकाळी चकत्या रंगवायला घेतल्या.

आमचा रंग निळा. मज्जातंतूंवर चरबीचं आवरण असतं, तेवढंच तो धरतो. आवरण शाबूत तिथे गडद, गेलं तिथे कोरं. जास्तीचा रंग मग धुवून काढायचा, आणि इथेच माणूस फसतो; जास्त धुतलं की हवा तो रंगही जातो. पहिल्या चकतीत कोऱ्या डागांच्या जोडीला फिकट निळे डाग दिसले. माझा पारा चढला. उभा जन्म यात गेला आणि जास्त धुतलं! चकती फेकली, दुसरी घेतली, घड्याळ समोर ठेवून धुतली. फिकट डाग जागच्या जागी.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. धुण्याने रंग गेला असता तर सगळीच चकती फिकी पडली असती. या डागांच्या कडा तर रेखीव होत्या. जास्त ताकदीचं भिंग लावलं. तंतूंवर आवरण होतं, पातळ, नवं. रक्तातून घुसलेल्या रक्षक पेशींनी जे उसवलं, ते मेंदूने पुन्हा विणलं होतं. असे डाग मी पूर्वी पाहिले होते, पण एका मेंदूत इतके कधीच नाही.

दुसऱ्या रंगाच्या चकतीत एका डागाच्या काठाला मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशी होत्या, आवरणाचे तुकडे खाऊन टम्म फुगलेल्या. नासधुशीत यांचाही हात असतो, म्हणून मी त्यांना कायम शिव्या घालत आले. पण यांनी हा कचरा उचलल्याशिवाय आवरण विणणाऱ्या पेशींचं काम नीट चालत नाही. मी खुर्चीत मागे टेकले. हात जोडावेसे वाटले मला.

मेरन काठी टेकत आली, सोबत फडक्यात बांधलेल्या जवाच्या भाकऱ्या. मी तिला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं आणि मग फिकट डाग म्हणजे काय ते सांगितलं.

बेटावर थोराची थट्टा ठरलेली असायची. गवत कापायचं आलं की हिचे पाय जातात आणि लग्नात नाचायचं आलं की परत येतात. थोरा स्वतःही हसायची.

"मी पण म्हणायचे तसं," मेरन म्हणाली. "तिच्या तोंडावर."

"सगळेच म्हणायचो."

"म्हणजे पाय खरंच परत यायचे तिचे."

कोऱ्या डागांचं तिने विचारलं. ते भरून आले नाहीत, मी म्हणाले. वय वाढलं, हल्ले चालूच राहिले, आणि थोराच्या उमेदीत ते रोखणारं औषधच नव्हतं.

"माझंही असं विणलं जाईल?"

"ते नाही सांगता येणार. सगळ्यांचं सारखं होत नाही."

तिने पुन्हा डोळा लावला. थोड्या वेळाने तशीच वाकलेली असताना बोलली, "बिचाऱ्या पेशी आई जाईपर्यंत विणत राहिल्या, आणि उसवणाऱ्यांचा हात कुणी धरला नाही."

मी तिची काठी टेबलाला टेकवून ठेवली.

"माझ्या डोक्यातल्यांचा तरी धरू या," मेरन म्हणाली. "डॉक्टरांना फोन लाव, मावशी. मी बघतेय अजून."