'नाही' म्हणायचा तास

माझी नणंद दर सुट्टीत आपली दोन्ही पोरं माझ्या घरी टाकून फिरायला जाते, आणि मी दारात उभी राहून म्हणते, "जा गं, निवांत जा." शेजारीण माझी शिडी नेते ती परत आणत नाही, आणि वर मीच तिला विचारते, रंगाचा ब्रश हवाय का? तर अशी मी. आणि माझा धंदा काय? एका दवाखान्यातर्फे मुलींच्या निरीक्षणगृहात जाऊन त्यांना 'नाही' म्हणायला शिकवणं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ही म्हण करणाऱ्यानं मला कुठंतरी पाहिलं असणार.

निरीक्षणगृह म्हणजे पोलिसांनी पकडलेल्या अल्पवयीन मुलींना कोर्टाचा निर्णय होईपर्यंत ठेवतात ती जागा. उंचावर खिडक्या, फिनाइलचा वास, जमिनीत बोल्टनं घट्ट बसवलेली बाकं. फक्त माझी एक खुर्ची तेवढी हलती. माझे विषय म्हणजे सिगारेट, दारू, एकाच सुईनं एकमेकींच्या हातावर नावं गोंदणं आणि संबंधांतून होणारे आजार. अधीक्षिकाबाईंना 'कंडोम' हा शब्द चालत नसे. त्या खोलीत आल्या की मी 'ते साधन' म्हणायची. मग आठवडाभर मुली झाडूला, बादलीला, जेवणाच्या डावाला, दिसेल त्याला 'ते साधन' म्हणत फिरायच्या.

नुसती माहिती देऊन काही होत नाही हे मला लवकरच कळलं. सिगारेटनं काय होतं ते पाकिटावरच छापलेलं असतं की. घोडं अडतं ते आयत्या वेळी. समोर कुणी गळ घालत असतं आणि तोंडातून शब्द निघत नाही. म्हणून आम्ही सराव करायचो. मी टवाळ व्हायची. खुर्ची उलटी करून बसायचं, कॉलर वर, आणि म्हणायचं, "एकदाच गं. कुणाला कळतंय? माझ्यासाठी एवढंही नाही करणार?" समोरच्या मुलीनं 'नाही' म्हणायचं. कारण द्यायचं नाही, माफी मागायची नाही. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच. टवाळ मी झकास करते. नवरा म्हणतो, इतकी वर्षं तू फुकट घालवलीस.

बाकीच्यांना जमायचं. कशावरही वाद घालणाऱ्या एका मुलीला सगळे 'वकील' म्हणत. ती तर मला "चल, फूट" म्हणून खुर्चीसकट ढकलायची. नणंदेच्या पोरांचं रडगाणं मी तासाला गायले, तेव्हा सगळ्यात जास्त तीच हसली होती. अडायची ती मुंगी.

मुंगी म्हणजे इवलीशी पोर, आवाज तर त्याहून लहान. मित्रानं दिली म्हणून दारू प्यायली, त्यानं सांगितलं म्हणून कसल्या पुड्या पोचवल्या आणि पकडली गेली. त्याच्याकडून आलेल्या आजारावर आमच्या दवाखान्यात तिचे उपचार झाले होते. सरावात मी "एकदाच गं" म्हटलं की ती लगेच मान डोलवायची.

"अगं बये, नाही म्हण ना!"

"म्हणते ताई. पण नाही म्हटलं की समोरच्याला वाईट वाटतं हो."

"वाटू दे की! मी नाटक करतेय."

"त्याला खरंच वाटायचं," ती म्हणाली.

सोमवारी तिची सुनावणी होती. सुटली तर ती मावशीकडे राहणार होती आणि तो मित्र मावशीच्याच गल्लीत राहत होता. बाहेर पडल्यावर तो गळ घालणारच. मुंगी 'हो' म्हणाली तर तीच दारू, तोच आजार आणि तीच बोल्टनं बसवलेली बाकं. सुटण्यासाठी आधी अधीक्षिकाबाईंचा 'वर्तणूक चांगली' असा शेराही हवा होता.

तेवढ्यात वरच्या ऑफिसातून पाहुणे येणार असं ठरलं. बाई म्हणाल्या, "तुमचा तो नाही-नाहीचा खेळ दाखवा. आणि मुंगीला घ्या. गरीब दिसते, पाहुण्यांना भावेल."

मी काय म्हणाले असेन? "हो मॅडम, छानच होईल!"

मुंगी कपड्यांच्या खोलीत वकीलबरोबर चादरीच्या घड्या घालत होती. मी सांगितलं.

"नाही," मुंगी म्हणाली.

मला वाटलं, तिला समजलं नसेल. "अगं, पाचच मिनिटं."

"नाही."

"एकदाच गं. तू कोण हे कुणाला कळतंय? माझ्यासाठी एवढंही नाही करणार?"

चादरीच्या पलीकडच्या टोकाला वकील फिस्सकन हसली. "ताई, खुर्ची आणू का? उलटी?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुंगी मात्र हसत नव्हती. चादरीचं टोक तिनं मुठीत गच्च आवळलं. "माझं ते सगळं पाहुण्यांसमोर नाही करायचं मला," ती म्हणाली. कारण दिलं, म्हणजे नियम मोडला, पण मी गुण कापले नाहीत. खरं सांगू? आधी मला संतापच आला. इतके दिवस घसा कोरडा केला मी, आणि कार्टीचा पहिला नकार कुणाला, तर मला! मग जिन्यावर आल्यावर इतका आनंद झाला की कठडा धरून उभी राहिले.

बाईंना मात्र आनंद झाला नाही. "उद्धटपणा आहे हा. शेऱ्यात लिहावं लागेल."

आता माझी पाळी होती. मी ताकाला जाऊन भांडं लपवत बसले. आधी पंख्याबद्दल बोलले, मग त्यांच्या गुडघेदुखीबद्दल. शेवटी म्हणाले, "मॅडम, नाही."

"काय नाही?"

"तसं लिहू नका. सॉरी. म्हणजे चूक माझीच आहे, शिवाय माझं पोटही जरा बिघडलंय..." कारण, माफी आणि पोट! माझ्या तासाला कुणी असं केलं असतं तर मी तिला पुन्हा उभं केलं असतं. डोळे मिटून मी उरलेलं बोलून टाकलं. "आपण तिला हेच शिकवलं आणि ती शिकली. म्हणून तिला अजून कोंडून ठेवायचं का? मला हे मान्य नाही."

बाईंनी चष्मा काढला. "मग पाहुण्यांना दाखवू काय, तुमचं पोट?"

"मुलगी मी होते," मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

टवाळ झाली वकील. पाहुण्यांसमोर ती खुर्चीवर अशी बसली की मीच घाबरले. सिगारेटला मी 'नाही' म्हटलं, दारूलाही म्हटलं. पाहुणे माना डोलवू लागले. मग ती पुढं वाकून गोड आवाजात म्हणाली, "बरं, राहू दे. सुट्टीत माझी पोरं तेवढी सांभाळाल?"

"हो गं, आण की," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. पाहुणे हसले, मुली बाकांवर लोळल्या, आणि अधीक्षिकाबाईंनी डोळे पुसले. माझी शोभा झाली ती झालीच. पण त्या हसण्याच्या भरात बाई निवळल्या आणि मुंगीचा शेरा 'चांगली' असाच गेला.

सोमवारी ती सुटली. मावशी पिशवी घेऊन फाटकाशी उभी होती. मी मुद्दाम गेले होते. म्हटलं, "फोन करशील ना गं मला? अधूनमधून. बरी आहेस एवढंच सांग."

मुंगीनं माझ्याकडं पाहिलं. "नाही, ताई."

"अगं, पण..."

"नाही."

मला वाईट वाटलं. नाटकातलं नाही, चांगलं खरंखुरं. डोळे भरून आले आणि ते लपवायलाही जमलं नाही. तिनं ते पाहिलं. तिचेही ओठ थरथरले. मी वाट पाहत राहिले, आणि ती तशीच माझ्यासमोर उभी राहिली, माझ्या डोळ्यांतून पाणी गळताना बघत. उत्तर तिनं बदललं नाही. मग तिनं मावशीच्या हातातली पिशवी घेतली आणि गल्लीच्या दिशेनं चालू लागली.