खालचा कठडा

"घर बघायला आलात ना? मग चपला राहू द्या पायात," गवंडीकाका म्हणाले, आणि मी नुकताच हात टेकवलेली चौकट त्यांनी खांद्यावरच्या फडक्याने पुसून काढली.

घर घेणं आमच्या स्वप्नातही नव्हतं. आमच्या दोन खोल्या गल्लीच्या या टोकाला, ते धूड त्या टोकाला. बैठ्या घरांच्या रांगेत तीन मजली, पोपटी, पोट पुढे काढून उभं. 'विकणे आहे'ची पाटी लागून आठ महिने झाले होते. लेकीला कडेवर घेऊन मी रोज त्याच्या खिडक्या मोजायचे. एकवीस खिडक्या आणि राहणारा माणूस एक. शेवटी राहवेना.

"जा, बघून ये," सासूबाई म्हणाल्या. "आवडलं तर दोन घे. एक मला."

आतून तर ते आणखीच चमत्कारिक निघालं. समोरासमोर दोन स्वयंपाकघरं.

"दोन कशाला?"

"जावाजावांचं नाही पटलं तर."

"आणि पटलं तर?"

"मधली भिंत पाडायची. मुद्दाम अर्ध्या विटेची ठेवलीय." काकांनी भिंतीवर बोटाने टकटक केलं. "पण जावा आल्याच नाहीत. दोन्ही मुलगे नोकरीला बाहेरगावी गेले, तिकडेच रमले. आता थोरला म्हणतो, विकून टाका आणि या इकडे."

जन्मभर दुसऱ्यांची घरं बांधून, सुट्टीच्या दिवशी एकेक खोली चढवत त्यांनी हे उभं केलं होतं. जिना खोलीएवढा रुंद. भिंतीला दोन पाइप बसवलेले, एक कमरेला, एक गुडघ्याच्या जरा वर. वरच्याचा रंग हातांनी घासून उडालेला, खालचा कोरा करकरीत.

"हा खालचा?"

"मोठ्यांचा कठडा पोरांच्या डोक्यावरून जातो. मग त्यांनी धरायचं काय?"

तेवढ्यात एजंट आत आला. माझ्याकडे त्याने एकदा पाहिलं आणि माझी ऐपत त्याला कळली.

"काका, पार्टी चारला येतेय. त्यांना नुसती जागा हवीय, घर पाडणारच आहेत. आज हो म्हणून टाका. हे असलं घर दुसरं कोणी घेणार नाही."

काका वरचा पाइप पुसत राहिले.

हात भरून आला म्हणून मी लेकीला खाली ठेवलं होतं. दीड वर्षाची झाली तरी ती चालत नव्हती. डॉक्टर म्हणायचे, वाट बघा. शेजारणी म्हणायच्या, अजून नाही? पोरीने खालचा पाइप धरला आणि उभी राहिली. मग एक पाय पायरीवर. मी झेपावले.

"थांबा," काका हळूच म्हणाले. "पडली तर एकाच पायरीवरून पडेल."

चार पायऱ्या चढली. काकांच्या हातातलं फडकं तसंच लोंबकळत होतं.

"मग चारला काय सांगू?" एजंटने विचारलं.

"हो सांग. फक्त हा खालचा पाइप मी आधी काढून घेणार."

महिन्याभराने, व्यवहार उरकल्यावर, काका घमेलं, थापी आणि हातभर पाइप घेऊन आमच्या दारात आले.

"दारातल्या दोन पायऱ्यांना कसला कठडा?" सासूबाई म्हणाल्या, पण पाण्याची बादली त्यांनीच आणून दिली.

काकांनी लेकीला भिंतीशी उभं केलं, तिच्या खांद्याच्या उंचीला खूण केली. पाइप बसवला, खाली विटांचा टेकू दिला. "दोन दिवस हात लावू देऊ नका."

मी दोन दिवस दारात पहारा दिला. जन्माची काळजीखोर, तर म्हटलं, ती काळजी एकदा कामाला तरी येऊ दे.

तिसऱ्या सकाळी विटा काढल्या. लेक दूधभाताच्या हातांनीच पाइपला लोंबकळली आणि एक पायरी उतरली. काका बॅग घेऊन थोरल्याकडे निघाले होते. त्यांच्या मागे, गल्लीच्या टोकाला, घर पाडायचं यंत्र येऊन उभं होतं. त्यांनी तिकडे वळून पाहिलं नाही. आमच्या दाराशी थांबून त्यांनी पाइप हलवून पाहिला. हलला नाही.

सवयीने त्यांनी खांद्यावरचं फडकं काढलं. पाइपवर पाच चिकट बोटं उमटली होती. काकांनी ती पाहिली, फडक्याची घडी घातली, बॅगेत ठेवली आणि चालू लागले.