नावांची अदलाबदल

रुग्णालयाच्या संगणक खात्यात ती एकटीच. कुणाचं ऑपरेशन ठरलं, कुणाला घरी सोडलं, कोण गेलं, हे घरच्यांना मोबाइलवर कळवणारी स्क्रिप्ट तिनेच लिहिली होती. त्यातल्या प्रिंटएफ कमांडमध्ये वाक्य तयार असे आणि नावांपुरत्या जागा मोकळ्या. पुढे नावं ज्या क्रमाने द्यावीत, त्या क्रमाने ती जागेवर जाऊन बसत. पहिलं नातेवाइकाचं, मग रुग्णाचं.

"आधी रुग्णाचं नाव येऊ दे," साहेब म्हणाले. तिने वाक्य फिरवलं. पुढचा नावांचा क्रम मात्र तसाच राहिला. तपासताना तिने दोन्ही जागी आपलंच नाव घातलं होतं, मग चूक दिसणार कशी?

एरवी वॉर्डातून आधी फोन जायचा, मग संदेश. त्या दिवशी धावपळीत फोन राहून गेला. संदेशाखाली नंबर तिच्याच टेबलाचा असे. दुपारी तो फोन वाजला.

"ताई, तुमचा निरोप आलाय," एक म्हातारा आवाज हसत होता. "म्हणे मी वारलो, आणि बायकोने येऊन मला ताब्यात घ्यावं! अहो, ती तुमच्याकडेच पडून आहे, ती कुठून येणार?"

काय झालं ते तिला कळलं. स्क्रिप्ट उघडून बघायचीही गरज नव्हती.

"आजोबा, घरी कोण आहे तुमच्याजवळ?"

"कोणी नाही. का हो?"

पलीकडचं हसू विरत गेलं.

"मी तर बोलतोय," तो सावकाश म्हणाला. "मग गेलं कोण?"

"आजी गेल्या, आजोबा. नावं उलटी पडली. चूक माझी आहे."

"सकाळी अर्धा कप चहा घेतला होता तिने," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

तिने स्क्रिप्टमध्ये दोन नावांची अदलाबदल केली. चुटकीसरशी झालं. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "झालं ना दुरुस्त? मग सोड."

तिला सोडवेना. ती फाटकाशी जाऊन उभी राहिली. एक वाकलेला माणूस रिक्षातून उतरला, बाहीचं बटण उघडंच. तिने पुढे होऊन हाक मारली.

"फोनवरची तूच का?"

तिने मान हलवली. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"चल बाई, पुढे हो," तो म्हणाला. "रोज येतो, पण आत्ता वाट सुचेना."

तिने त्याचं कोपर धरून वॉर्डात नेलं. आजींच्या रिकाम्या पलंगावर नवी चादर घालून झाली होती. तो उशाशी उभा राहून चादर नीट करत राहिला.